ब्रेमेनला एक्स्चेंजला चाललाय ना, मग मोकळ्या वेळाचं आधी ठरवा

पुण्यातून जर्मनीला एक्स्चेंज सेमिस्टरला जाणाऱ्या मुलामुलींचे प्रश्न ठरलेले असतात, व्हिसा कधी येतो, हॉस्टेल मिळेल का, क्रेडिट्स इकडे धरतात का, कुकर न्यायचा की तिकडे घ्यायचा, मसाले किती न्यायचे. लेक्चर संपल्यावर संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी तिथे करायचं काय, हे कोणी विचारतच नाही. आणि मग काय होतं, ऑक्टोबर नव्याच्या नऊ दिवसांत जातो, नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडायला लागतो, पाऊस सारखा पिरपिर पडत राहतो, आणि मुलं खोलीत बसून घरच्यांशी व्हिडिओ कॉल, वेब सिरीज आणि मॅगी ह्यात सेमिस्टर काढतात. मला ह्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण अभ्यास इथे राहूनही झाला असता, तिथली माणसं इथे भेटली नसती.

मी ब्रेमेनला होते त्यामुळे उदाहरणं सगळी तिथली आहेत. औंधात ब्रेमेन चौक आहे ना, तेच ब्रेमेन, पुण्याचं आणि त्या शहराचं नातं बरंच जुनं आहे. तुम्ही दुसऱ्या शहरात जाणार असाल तर सणांची नावं बदलतील पण त्यात शिरायची पद्धत साधारण हीच.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. तिकडच्या परंपरा दोन प्रकारच्या असतात. काही रस्त्यावरच्या, म्हणजे जत्रा, ख्रिसमस मार्केट, मिरवणूक, तिथे कोणीही एकटं जाऊन बघू शकतं. आणि काही अशा की कोणीतरी बोलावल्याशिवाय त्यात शिरताच येत नाही, आणि खरी मजा ह्या दुसऱ्या प्रकारात आहे. बोलावणार कोण, तर ज्यांच्याबरोबर तुम्ही दर आठवड्याला काहीतरी करता ते लोक. वर्गातली मुलं छान बोलतात, मदतही करतात, पण लेक्चर संपलं की आपापल्या सायकलवर टांग टाकून निघून जातात. ह्यात तुसडेपणा नसतो, त्यांचे मित्र शाळेपासूनचे किंवा क्लबातले असतात आणि आठवड्याच्या संध्याकाळी आधीच ठरलेल्या असतात. म्हणून ऑक्टोबर संपायच्या आत एका तरी ग्रुपमध्ये नाव घालायचं, हे काम बँक अकाउंट उघडण्याइतकंच महत्त्वाचं समजा.

ग्रुप कुठे शोधायचा

जवळपास प्रत्येक युनिव्हर्सिटीत होखशूलश्पोर्ट असतं, म्हणजे युनिव्हर्सिटीचे खेळाचे कोर्स, आणि स्टुडंट्सना ते बाहेरच्या क्लासपेक्षा खूप स्वस्त पडतात. यादी सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी वेबसाइटवर येते, नोंदणी ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळेला उघडते आणि क्लाइंबिंगसारखे कोर्स बघता बघता भरतात, त्यामुळे ती तारीख पुण्यातून निघायच्या आधीच कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. कोर्स निवडताना एकच बघायचं, त्यात एकमेकांशी बोलावं लागतं का. जिममध्ये कानात हेडफोन घालून कोणाशी ओळख होत नाही. व्हॉलीबॉल, रोइंग, अल्टिमेट फ्रिस्बी, जोडीचा डान्स ह्यात पहिल्या दिवसापासून नावं विचारावी लागतात. गाता येत असेल तर युनिव्हर्सिटीचा कॉयर किंवा ऑर्केस्ट्रा असतो, तिथे भाषा कच्ची असली तरी चालून जातं.

युनिव्हर्सिटीच्या बाहेर बघायचं तर फेराइन. जर्मनीत अशी नोंदणी केलेली मंडळं सहा लाखांच्या आसपास आहेत, किमान सात सभासद असले की मंडळ नोंदवता येतं, त्यामुळे बुद्धिबळापासून मधमाश्या पाळण्यापर्यंत सगळ्याचं मंडळ सापडतं. बहुतेक ठिकाणी एक-दोन वेळा फुकट येऊन बघू देतात. मेल लिहायची आणि सरळ विचारायचं की मी सहा महिने आहे, येऊ का, नाही म्हणणारे फार कमी भेटतात.

आणि हे पुण्याच्या मुलामुलींसाठी खास. तुम्ही ढोल-ताशा पथकात वाजवलं असेल तर ब्रेमेनमध्ये सांबा ग्रुप शोधा, शोधाच. तिथे १९८६ पासून दर हिवाळ्यात सांबा कार्निव्हल होतो, देशभरातून तालवाद्यांचे ग्रुप येतात, मुखवटे, उंच काठ्यांवर चालणारे लोक, मार्केट चौकातून फिअर्टेल नावाच्या भागापर्यंत मिरवणूक, हे सगळं कडाक्याच्या थंडीत. ग्रुपची प्रॅक्टिस त्याआधी अनेक महिने चालते आणि त्यात सुर्डो म्हणून मोठा ढोल असतो तो पट्ट्याने अंगावर लटकवून चालत वाजवायचा असतो. पथकात घाम गाळलेल्या माणसाला वजन घेऊन तासन् तास चालणं, पुढच्याच्या हाताकडे बघून ठेका धरणं, थांबायच्या खुणेला थांबणं हे शिकवावं लागत नाही. जर्मन जेमतेम येत असेल तरी तिथे तुम्ही पहिल्या आठवड्यात उपयोगी पडता, आणि परक्या गावात आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतोय ह्याने जे बरं वाटतं ते दुसऱ्या कशानेच वाटत नाही.

क्रिकेटचे ग्रुपही आहेत, भारतीय विद्यार्थ्यांचेही, तिथे जरूर जा, आजारी पडल्यावर खिचडी तेच आणून देतात. फक्त आठवड्याच्या सगळ्या संध्याकाळी तिथेच जायला लागल्या तर थांबून विचार करा.

रविवारचं काय

रविवारी दुकानं बंद. सुपरमार्केट, कपड्यांची दुकानं, सगळं. स्टेशनवरची दुकानं, पेट्रोल पंप आणि सकाळी काही तास बेकरी एवढंच उघडं असतं, त्यामुळे शनिवारी दूध-भाजी आणून ठेवायची. रविवारी आणि रात्री दहानंतर आवाजही करायचा नसतो, ड्रिलिंग नाही, काचेच्या बाटल्या कंटेनरमध्ये टाकणं नाही, आणि हॉस्टेलच्या किचनमध्ये रात्री अकराला मिक्सरवर चटणी वाटणं तर नाहीच. फोडणी देताना दार बंद आणि खिडकी उघडी ठेवा, धुराचा अलार्म मोहरीच्या धुरालाही वाजतो.

मग लोक रविवारी करतात काय, तर चालतात. कुटुंबंच्या कुटुंबं पावसाची जाकिटं घालून बुर्गरपार्कमध्ये किंवा वेसर नदीच्या काठाने दोन-दोन तास चालतात आणि तीन-चारच्या सुमाराला घरी येऊन कॉफी आणि केक खातात. हे कॉफी-केकचं आमंत्रण आलं की ते मोठं समजा, कारण घरात बोलावणं तिकडे सहज होत नाही. जाताना फुलं किंवा चॉकलेट न्या. चारला सांगितलं असेल तर चारला पोचा, युनिव्हर्सिटीत लेक्चर बऱ्याचदा छापलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांनी सुरू होतं पण ते फक्त युनिव्हर्सिटीत, घरच्या आमंत्रणाला ते लागू नाही. दारात बूट काढायचे का ते यजमानांच्या पायांकडे बघून ठरवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिकडे आग्रह नसतो. आपल्याला सवय असते की पहिल्यांदा नको म्हणायचं, मग समोरचा आग्रह करतो, मग आपण थोडं घेतो. तिकडे तुम्ही केक नको म्हणालात की प्लेट पुढे सरकते आणि परत येत नाही, कारण तुम्ही नाही म्हणालात त्याचा त्यांनी मान राखलेला असतो. भूक असेल तर पहिल्यांदाच हो म्हणा. तसंच तुम्ही कोणाला बोलावलंत तर "कधीतरी या" असं म्हणून सोडू नका, तारीख आणि वेळ द्या, आणि दोन-तीन आठवडे आधी द्या.

वाढदिवसाचे नियमही लक्षात ठेवा. आधी शुभेच्छा द्यायच्या नाहीत, एक दिवस आधीसुद्धा नाही, ते अशुभ मानतात. आणि ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा असतो. तुमचा वाढदिवस सेमिस्टरमध्ये येत असेल तर वाट बघत बसू नका की कोणी काही करेल, प्रॅक्टिसला स्वतः केक घेऊन जा, नारळाच्या वड्या नेल्यात तर अजून छान, ग्रुपमध्ये तुमचं नाव कायमचं लक्षात राहतं.

ऑक्टोबरपासून काय काय येतं

पहिल्याच महिन्यात फ्रायमार्क्ट लागतो. ही ब्रेमेनची जत्रा, आणि किती जुनी, तर १०३५ साली सम्राट कॉनराड दुसरा ह्याने बाजाराचा हक्क दिला तिथपासूनची. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू होते, सतरा दिवस चालते. स्टेशनच्या मागच्या मैदानात मोठे पाळणे आणि स्टॉल, आणि टाउन हॉलपाशी छोटी जत्रा. आत जायला तिकीट नाही, पाळण्यांना आहे. चौकात रोलांडचा दगडी पुतळा आहे, १४०४ सालचा, टाउन हॉल आणि तो मिळून २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, त्याच्या गळ्यात जत्रेच्या दिवसांत लेबकूखनचं, म्हणजे मसाल्याच्या केकसारख्या बिस्किटाचं, मोठं हार्ट अडकवलेलं असतं. लोक एकमेकांना "इशा फ्रायमाक", म्हणजे फ्रायमार्क्ट आहे ना, असं म्हणतात, तुम्हीही म्हणा, समोरचा लगेच हसतो. पहिल्या वेळी एकटे जाऊन नुसते फिरा, मग नवीन ग्रुपबरोबर परत जा. श्माल्ट्सकूखन म्हणून तळलेले छोटे गोळे वर पिठीसाखर घालून कागदी कोनात देतात, गरम गरम मस्त लागतात, फक्त तुम्ही शाकाहारी असाल तर कशात तळलंय ते विचारून घ्या, पूर्वी चरबीतच तळायचे.

ह्याच दिवसांच्या आसपास दिवाळी येते. खोलीत पणत्या लावायच्या आधी हॉस्टेलचे नियम वाचा, आणि फटाके अजिबात नाहीत, ते तिकडे थर्टी फर्स्टच्या आधीचे दोन-तीन दिवसच विकतात आणि थर्टी फर्स्टलाच उडवतात. फराळ पुण्यातून नेणार असाल तर युरोपात बाहेरून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, तेव्हा पेढे, बर्फी, तूप बॅगेत नको. तेलातला चिवडा, शेव, चकली न्या आणि लाडू तिथल्या लोण्याचं तूप कढवून तिथेच करा. लाडू वळायला दोन तिकडच्या मित्रांना बोलवा, त्यांना नुसतं खाण्यापेक्षा वळण्यात जास्त मजा येते.

अकरा नोव्हेंबरच्या सुमाराला संध्याकाळी लहान मुलं कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत रस्त्याने जाताना दिसतील, थांबून ऐका. मग ॲडव्हेंट, ख्रिसमसच्या आधीचे चार रविवार, दर रविवारी हिरव्या डहाळ्यांच्या वर्तुळातली एक मेणबत्ती जास्त लागत जाते. हे वर्तुळ हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिख विखर्न ह्यांनी १८३९ मध्ये अनाथ मुलांसाठी पहिल्यांदा केलं, ती मुलं रोज विचारायची ख्रिसमस कधी म्हणून. पाच डिसेंबरच्या रात्री बूट पुसून दाराबाहेर ठेवायचे, सकाळी त्यात चॉकलेट-सुकामेवा मिळतो, आणि हॉस्टेलच्या मजल्यावर हे सुरू करायचं काम तुम्हीच करा, रात्री गुपचूप सगळ्यांच्या बुटात एक-एक चिक्की टाकलीत की पुढचे चार महिने त्या मजल्यावर तुम्ही परके राहत नाही.

ख्रिसमस मार्केटबद्दल सगळीकडे वाचायला मिळतं म्हणून थोडक्यात. दारू नको असेल तर किंडरपुन्श मागा. कपाचं डिपॉझिट घेतात, कप परत दिला की पैसे परत. ब्रेमेनमध्ये नदीकाठी श्लाख्टेवर जे मार्केट लागतं ते मला टाउन हॉलच्या मार्केटपेक्षा जास्त आवडतं.

चोवीस डिसेंबरचं मात्र आधी ठरवा. त्या दिवशी दुकानं दुपारीच बंद होतात, पंचवीस आणि सव्वीस सुट्टी, हॉस्टेल रिकामं, बस कमी, आणि तो पूर्णपणे घरच्यांबरोबरचा सण आहे. एकटं पडायला त्याहून वाईट वेळ नाही. कोणी घरी बोलावलं तर संकोच न करता जा. नाही बोलावलं तर नोव्हेंबरातच हॉस्टेलमध्ये उरणाऱ्या सगळ्यांची यादी करा, कुठलेही देश असोत, आणि एकत्र स्वयंपाक ठरवा.

सहा जानेवारीला दुपारी बाराला ओस्टरडाइखवर, वेसरच्या काठावर, आइसवेटे असते. १८२९ पासूनची पैज, नदी गोठली की वाहतीये. एक शिंपी हातात गरम इस्त्री घेऊन येतो, त्याचं वजन ९९ पौंडच असायला हवं, आणि त्याने कोरड्या पायांनी नदी ओलांडायची. आता वेसर तिथे गोठत नाही त्यामुळे तो समुद्रातल्या बचावदलाच्या बोटीतून पलीकडे जातो, आणि ह्या सगळ्यातून त्या बचावदलासाठी देणग्या गोळा होतात. काठावरचा खेळ बघायला पैसे लागत नाहीत. गरम मोजे घाला, वारा फार असतो.

कोलफार्ट, हे चुकवायचं नाही

आता ज्यासाठी ऑक्टोबरात ग्रुप शोधायला सांगितला ते. उत्तर जर्मनीत जानेवारी-फेब्रुवारीत मित्रमंडळी, ऑफिसातले लोक, फेराइन, सगळे कोलफार्टला जातात. कोल म्हणजे ग्र्युनकोल, हिवाळ्यातली गडद हिरवी कुरळ्या पानांची भाजी, थंडी पडून गेल्यावर ती गोड लागते असं तिकडे म्हणतात. दुपारी सगळे जमतात, बोलरवागन नावाची लाकडी हातगाडी असते, तिच्यात बाटल्या, स्पीकर, खाऊ, प्रत्येकाच्या गळ्यात दोरीला बांधलेला एक छोटा ग्लास, आणि शेतांमधून गाडी ओढत चालायला सुरुवात. दर काही अंतरावर थांबून खेळ होतात. रस्त्यावरून गोळा घरंगळवत न्यायचा खेळ असतो, ओली टी-बॅग दातात धरून मानेला झटका देऊन लांब फेकायची स्पर्धा असते, प्रोफेसर असोत की नवीन आलेला विद्यार्थी, सगळ्यांच्या नाकावर चहाचे थेंब. अंधार पडता पडता एखाद्या गावातल्या गास्टहोफमध्ये, म्हणजे खानावळीत, पोचायचं, आत गेल्या गेल्या चष्म्यावर वाफ धरते, लांब टेबलांवर मोठ्या वाडग्यांत वाफाळती भाजी, उकडलेले बटाटे, मोहरी आणि पिंकेल येतं. सिंहगड चढून पाय दुखत असताना वर पिठलं-भाकरी समोर आली की जे वाटतं, अगदी तेच.

पिंकेल म्हणजे धान्याचा भरडा आणि चरबी घालून केलेलं सॉसेज, आणि भाजीही बहुतेक ठिकाणी मांसाबरोबरच शिजवतात. त्यामुळे शाकाहारी असाल तर जो आयोजन करतोय त्याला बुकिंगच्या वेळीच सांगा, बऱ्याच ठिकाणी आता वेगळा शाकाहारी प्रकार करतात, पण आयत्या वेळी ते जमत नाही. दारू पीत नसाल तर ग्लासात ज्यूस घ्या, कोणी जबरदस्ती करत नाही, फक्त ग्लास भिडवताना समोरच्याच्या डोळ्यात बघायचं, ते राहिलं तर लगेच टोकतात.

जेवणानंतर कोलचा राजा आणि राणी निवडतात, आणि ज्यांना निवडलं त्यांनी पुढच्या वर्षीची कोलफार्ट आखायची. संक्रांत ह्याच दिवसांत असते, त्यामुळे पुण्यातून तीळ आणि गूळ घेऊन जा, तिथे वड्या करा आणि त्या हातगाडीत ठेवा. थंडीत चालताना तीळगूळ का खातात हे कोणाला समजावून सांगायची गरज पडत नाही.

हे आमंत्रण तुम्हाला डिसेंबरपर्यंत आलं नाही तर बिनधास्त विचारा की आपल्या ग्रुपची कोलफार्ट आहे का. नसेल तर तुम्हीच सुचवा, हातगाडी भाड्याने मिळते.

चर्चच्या पायऱ्या झाडणारा माणूस

एखाद्या दिवशी डोम म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चसमोरून जाताना तुम्हाला एक माणूस विचित्र कपड्यांत पायऱ्यांवर पडलेली बाटल्यांची बुचं झाडताना दिसेल, आणि त्याचे मित्र अजून बुचं टाकत असतील. तो तीस वर्षांचा झालाय आणि अजून लग्न झालेलं नाही. एखाद्या मुलीने येऊन पापा घेईपर्यंत झाडायचं असा रिवाज आहे. तीस वर्षांच्या झालेल्या अविवाहित मुलींना डोमच्या दाराच्या कड्या घासून चकचकीत कराव्या लागतात. बघायला थांबलात तर चालतं, मोबाइलवर फोटो काढायच्या आधी मात्र विचारा, जर्मनीत अनोळखी माणसाचा फोटो काढणं लोकांना खूप खटकतं.

तिथून दोन मिनिटांवर टाउन हॉलच्या बाजूला गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबडा एकावर एक उभे आहेत, गेरहार्ड मार्क्स ह्यांनी केलेला हा पुतळा १९५३ चा. गाढवाचे पुढचे दोन्ही पाय दोन्ही हातांनी धरून इच्छा मागायची, पाय लोकांच्या हातांनी घासून सोनेरी झालेत. एका हाताने धरलात तर तिकडचे लोक म्हणतात, एक गाढव दुसऱ्या गाढवाला भेटतंय.

एक दिवस चहासाठी काढा

पुणेकर म्हणून ही सहल करायलाच हवी. ब्रेमेनहून पश्चिमेला ओस्टफ्रिसलांड आहे, रिजनल ट्रेन थेट लेअरपर्यंत आणि पुढे समुद्राकाठी नॉर्डडाइखपर्यंत जाते. डॉइचलांड तिकीट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास, असेल तर वेगळे पैसे नाहीत, ते २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं होतं, २०२६ पासून महिन्याला ६३ युरो आहे, विद्यार्थ्यांना सेमिस्टर तिकिटाच्या रूपात स्वस्त पडतं, आणि ट्रेनमध्ये ते फक्त रिजनल गाड्यांना चालतं, आयसीईसारख्या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांना नाही. ओस्टफ्रिसलांडमध्ये माणशी वर्षाला साधारण तीनशे लिटर चहा पितात.

पातळ चिनी मातीचा छोटा कप येतो. आधी त्यात खडीसाखरेचा मोठा खडा ठेवायचा, वर कडक काळा चहा ओतायचा, खडा तडतडतो तो आवाज ऐकायचा. मग चमच्याने साय कपाच्या कडेने हळूच सोडायची, घड्याळाच्या उलट्या दिशेने, ती खाली जाते आणि ढगासारखी वर येते. ढवळायचं नाही. पहिल्या घोटाला साय लागते, मग कडू चहा, आणि तळाशी गोड. किमान तीन कप घ्यायचे, आणि पुरे झालं की चमचा कपात ठेवायचा, नाहीतर ओततच राहतात. लेअर आणि नॉर्डनमध्ये चहाची म्युझियमही आहेत. मला साधारण आल्याच्या चहाशिवाय दुसरा चहा पटत नाही पण हा पटला.

त्याच किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी समुद्रतळावरून चालत जाता येतं, वाटनमेअर म्हणतात त्या भागाला, २००९ पासून तोही जागतिक वारशात आहे. गाइडशिवाय एक पाऊलही टाकू नका, भरती फार पटकन येते.

उन्हाळ्याचं सेमिस्टर असेल तर

तुम्ही एप्रिलला जाणार असाल तर कोलफार्ट हुकेल पण सगळं शहर बाहेर आलेलं असेल. ईस्टरला गावोगावी मोठ्या शेकोट्या पेटवतात. मे महिन्यात ऱ्होडोडेंड्रॉन पार्क फुललेला असतो. २४ जूनपर्यंत पांढऱ्या शतावरीचा सीझन, लोक तिच्याबद्दल आपण आंब्याबद्दल बोलतो तेवढं बोलतात. संध्याकाळी ओस्टरडाइखच्या हिरवळीवर बसायचं, छोट्या फेरीबोटीने पलीकडे जायचं, जुलैत तिथेच ब्रेमिनाले नावाचा मोठा फेस्टिव्हल होतो. वेर्डर ह्या ब्रेमेनच्या फुटबॉल क्लबची मॅच असली की हिरव्या-पांढऱ्या शर्टांची रांग नदीकाठाने स्टेडियमकडे जाते, तिकीट मिळणं अवघड, पबमध्ये बघा.

बार्बेक्यूला बोलावलं तर भाजायचं सामान बहुतेक वेळा आपलं आपण न्यायचं असतं, पनीर किंवा मक्याची कणसं मसाला लावून न्या, पहिल्यांदा तीच संपतात. रिकाम्या बाटल्यांना डिपॉझिट असतं, प्लास्टिकच्या बाटलीला आणि कॅनला २५ सेंट, त्या कचऱ्यात टाकू नका, घरी न्यायच्या नसतील तर कचरापेटीच्या शेजारी उभ्या करून ठेवा, गोळा करणाऱ्यांना हात घालून शोधाव्या लागत नाहीत.

युनिव्हर्सिटीच्या शेजारी तळं आहे, तिथे काही लोक कपड्यांशिवाय पोहतात आणि सौनामध्येही बऱ्याचदा कपडे नसतात, स्त्री-पुरुष एकत्र. तिकडे ते साधं आहे. आपल्याला नको असेल तर जाऊ नका, गेलात तर टक लावून बघायचं नाही आणि फोन बाहेर काढायचा नाही.

निघायच्या आधी

फेराइनची मेंबरशिप आपोआप संपत नाही, लेखी कळवावं लागतं आणि नोटिस पिरियड कधीकधी तीन महिन्यांचा असतो, म्हणून सही करतानाच शेवटची तारीख विचारून घ्या आणि फक्त सेमिस्टरपुरती मेंबरशिप मिळते का ते बघा. सायकल, पांघरूण, कुकर पुढच्या बॅचला द्या. शेवटच्या प्रॅक्टिसला केक तुम्हीच न्यायचा, आणि ग्रुपमधल्या कोणाला पुण्याला या म्हणणार असाल तर तारखा सांगून म्हणा, गणपतीचे दहा दिवस पुढच्या वर्षी कधी आहेत ते बघून ठेवा, कारण त्यांनी खरंच सुट्टी टाकून तिकीट काढलेलं असतं.